नव्या लॉनला द्रवरूप खत: आधी मूळ, मग माप

तयार गवताच्या चौकोनी गाद्या अंथरून केलेले लॉन पहिल्याच संध्याकाळी पूर्ण झाल्यासारखे दिसते, आणि म्हणूनच पंधरा दिवसांनी त्यात पिवळेपणा दिसू लागला की घरमालक घाबरून कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. वास्तविक त्या वेळी ते गवत जमिनीवर ठेवलेले असते, जमिनीत लागलेले नसते. रोपवाटिकेत गादी कापताना त्याची बरीचशी मुळे तिथेच तुटून राहतात आणि उरलेल्या आखूड मुळांवर ते कसेबसे दिवस काढत असते. अशा गवताला खत पाजणे म्हणजे तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाला सावजी रस्सा वाढणे होय.

विदर्भातल्या गावांत आता घरासमोर, शाळेच्या आवारात, ग्रामपंचायतीपुढे आणि मंगल कार्यालयांत अशी लॉन होऊ लागली आहेत. शेतीची सवय असलेली माणसेच ती सांभाळतात, परंतु पऱ्हाटीला किंवा सोयाबीनला खत देण्याचा हात आणि लॉनला खत देण्याचा हात यांत फरक आहे. पुढील माहिती ५०० ते २००० चौरस फुटांच्या लॉनसाठी आहे. एक सूचना खरेदीपूर्वीच द्यावीशी वाटते. दुकानात जाऊन ‘हिरवळीचे खत’ मागू नये, कारण शेतीत त्याचा अर्थ जमिनीत गाडण्यासाठी वाढवलेले हिरवे पीक असा होतो. दुकानदार तागाचे किंवा धैंच्याचे बियाणे काढून देईल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. मागायचे ते ‘विद्राव्य खत’, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारे खत.

मुळे लागली का?

लॉन लावल्यापासून किती दिवसांनी खत द्यावे, या प्रश्नाचे उत्तर दिनदर्शिकेपेक्षा गवताकडूनच घ्यावे. एखाद्या गादीचा कोपरा चिमटीत धरून हलकेच वर ओढावा. तो पायपुसण्यासारखा अलगद उचलला गेला, तर फक्त पाणी देत राहावे. खालून कुणी धरून ठेवल्यासारखा विरोध जाणवला, आणि कडेची माती बोटाने बाजूला केल्यावर पांढरी, कोवळी मुळे काळ्या मातीत शिरलेली दिसली, तर गवत खत घेण्यास तयार झाले असे समजावे. ही परीक्षा एकाच ठिकाणी करून भागत नाही. भिंतीलगतचा भाग, झाडाची सावली पडणारा भाग आणि मधला उघडा भाग अशा तीन-चार जागा पाहाव्यात, कारण भिंतीच्या उष्णतेने कडेच्या गाद्या नेहमी मागे पडतात.

जुलै ते सप्टेंबर या काळात लावलेले लॉन साधारण तीन ते चार आठवड्यांत या अवस्थेला येते. पोळ्याच्या सुमारास लावले असेल, तर त्याहून सोयीचा हंगाम नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र आपल्याकडची बर्म्युडा, म्हणजे हरळीच्या जातीची गवते, थंडीमुळे वाढ जवळजवळ थांबवतात, त्यामुळे पाच-सहा आठवडेही लागू शकतात. त्या काळातला फिकटपणा खताने जात नाही आणि घालवण्याचा प्रयत्नही करू नये. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांवर असताना नव्या लॉनला खत देण्याचा विचारच सोडून द्यावा.

खताआधी एकदा गवत कापून घ्यावे, हे चांगले. ते दोन इंचांच्या वर गेले की वरचा एक तृतीयांश भागच कापावा, नंतर दोन-तीन दिवस थांबावे आणि मग खत द्यावे. ताज्या कापलेल्या टोकांवर खताचे पाणी पडले की ती टोके करपतात.

आपली जमीन काय करते

विदर्भातली भारी काळी जमीन बहुधा विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते आणि तिच्यात चुनखडीही असते. अशा जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) लवकर बांधले जाते, आणि लोह मातीत असूनही गवताच्या हाती लागत नाही. याशिवाय ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. नव्या लॉनमध्ये गाद्यांचे सांधे अजून मिळालेले नसतात, त्यामुळे पाण्याचा ताण पडला की भेगा नेमक्या त्या सांध्यांतच उघडतात. त्या स्थितीत खताचे पाणी ओतले, तर ते गादीवर न थांबता सांध्यांतून खाली निघून जाते. आठ दिवसांनी प्रत्येक गादीभोवती गडद हिरवी चौकट आणि मध्ये फिकट पिवळा चौकोन असे शतरंजीसारखे दृश्य दिसले, तर हेच झाले असे ओळखावे. सांध्यांत बारीक चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत भरून घेणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो खत देण्याच्या आठवडाभर आधी करावा.

पुष्कळशा गाद्या लाल मातीच्या थरासह येतात. वरचा लाल थर सुकलेला आणि खालची काळी जमीन चिंब, किंवा नेमके उलट, अशी स्थिती वारंवार येते. म्हणून वरून हात लावून ओलाव्याचा अंदाज करू नये. खुरप्याने दोन-तीन इंच आत पाहावे. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असणे ही खत देण्याची पहिली अट आहे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि कोरड्या मातीत खताचा क्षार मुळांतलेच पाणी ओढून घेतो. गवत ‘जळाले’ असे आपण म्हणतो, ते प्रत्यक्षात तहानेने मेलेले असते.

कोणते खत, किती

पहिल्या वेळी १९:१९:१९ हे विद्राव्य खत पुरेसे आहे. त्यात नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असते. लॉन लावताना जमिनीत सिंगल सुपर फॉस्फेट मिसळले नसेल, तर पहिली मात्रा १२:६१:०० या खताची द्यावी. त्यात स्फुरद अधिक असते, आणि त्याचे द्रावण आम्लधर्मी असल्याने आपल्या जमिनीला ते मानवते. केवळ हिरव्या रंगाच्या, ‘टॉनिक’ असे लिहिलेल्या आणि अन्नद्रव्यांचे प्रमाण न छापलेल्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार खताच्या वेष्टनावर हे प्रमाण छापलेले असावे लागते, आणि ज्यावर ते नाही त्याचे माप आपण कशाच्या आधारावर ठरवणार?

मापाचा हिशेब एकदा नीट समजून घेतला की पुन्हा विचारावे लागत नाही. १००० चौरस फूट लॉनसाठी २०० लिटरचा एक ड्रम पाणी आणि त्यात १ किलो १९:१९:१९ घ्यावे. म्हणजे लिटरला ५ ग्रॅम खत पडते आणि त्यातून लॉनला १९० ग्रॅम नत्र, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २ ग्रॅम नत्र मिळते. जुने, मुरलेले लॉन याच्या दुप्पट सहज पचवते, पण नव्याला एवढेच द्यावे. १२:६१:०० द्यायचे असेल, तर २०० लिटरला ५०० ग्रॅम पुरे.

ड्रम नसेल आणि झारीने काम करायचे असेल, तर १० लिटरच्या झारीत ५० ग्रॅम खत घ्यावे आणि ती झारी ५० चौरस फुटांवर, म्हणजे ५ फूट रुंद आणि १० फूट लांब पट्ट्यावर, संपवावी. पट्टे सुतळीने किंवा फक्कीने आखून घ्यावेत. वजनासाठी किराणा दुकानातला छोटा वजनकाटा वापरावा. ‘मूठभर’ हे माप लॉनच्या कामाचे नाही, कारण शेतकऱ्याची मूठ मोठी असते आणि मनही.

खत भरण्यापूर्वी तीच झारी साध्या पाण्याने भरून एका पट्ट्यावर चालून पाहावे. दहा फुटांच्या आधीच पाणी संपले तर चाल वाढवावी, उरले तर कमी करावी. दोन-तीन पट्ट्यांत पायांना वेग कळतो. या सरावाला दहा मिनिटेही लागत नाहीत, तरी बहुतेक जण तो टाळतात आणि मग लॉनवर पट्टेरी वाघ उमटतो.

प्रत्यक्ष खत देण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी लॉनला पाणी द्यावे, म्हणजे सकाळी वाफसा मिळतो. काम सकाळी नऊच्या आत उरकावे. पावसाळ्यात संध्याकाळची वेळ टाळावी, कारण रात्रभर ओले राहिलेले आणि नत्राने कोवळे झालेले गवत बुरशीला आयते सापडते. त्या दिवशी जोराचा पाऊस येण्याचा रंग असेल, तर खत देऊ नये. ते खत लॉनमध्ये न राहता नालीतून विहिरीकडे जाईल. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे, आणि विदर्भातल्या पुष्कळ गावांच्या भूजलात ती आधीच ओलांडली गेली आहे. अंगणात विहीर किंवा बोअर असेल, तर तिच्याभोवतीचा दहा-पंधरा फुटांचा भाग खताविना सोडावा.

खत थेट ड्रममध्ये ओतू नये. आधी बादलीत दहा लिटर पाणी घ्यावे, त्यात खत थोडे थोडे सोडावे आणि काठीने ढवळत राहावे. विरघळताना बादली बाहेरून हाताला गार लागते. खत पाण्यातली उष्णता ओढून घेते म्हणून तसे होते, त्यात काळजीचे काही नाही. मात्र गार पाण्यात उरलेले खडे लवकर विरघळत नाहीत, म्हणून हिवाळ्यात उन्हात ठेवलेले पाणी घ्यावे. तळाशी हात घालून पाहिल्यावर एकही कण बोटाला लागत नाही, अशी खात्री झाली की ते द्रावण जुन्या सुती कापडातून गाळून ड्रममध्ये सोडावे आणि प्रत्येक वेळी झारी भरण्याआधी ड्रम ढवळावा.

यावर इतका भर देण्याचे कारण माझी स्वतःची चूक आहे. गावातल्या वाचनालयासमोर लावलेल्या लॉनला पहिले खत मीच दिले होते, आणि घाईत १ किलोची पिशवी सरळ ड्रममध्ये रिकामी करून चार वेळा काठी फिरवली होती. पहिल्या पंधरा झाऱ्या जवळजवळ साध्या पाण्याच्या गेल्या आणि तळाशी बसलेले सगळे खत शेवटच्या चार-पाच झाऱ्यांत आले. तिसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या कोपऱ्यात भाकरीएवढी तांबूस वर्तुळे उमटली आणि जवळून पाहिले, तेव्हा प्रत्येक पात्याचे टोक चहात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. त्यानंतर सलग तीन दिवस त्या कोपऱ्यावर सकाळी भरपूर साधे पाणी सोडले, तेव्हा क्षार खाली उतरला आणि कांड्यांतून नवी पाती फुटली. तरीही तो भाग भरून यायला दीड महिना लागला, आणि वाचनालयात येणारा प्रत्येक जण फाटकातच थांबून कारण विचारत असे.

खत देताना पाठीमागे सरकत जावे, म्हणजे ओल्या भागावर पाय पडत नाही. शक्य असल्यास निम्मे द्रावण पूर्व-पश्चिम आणि निम्मे उत्तर-दक्षिण द्यावे. एका फेरीत राहिलेली फट दुसऱ्या फेरीत झाकली जाते. एकेक पट्टा झाला की लगेच त्यावर साध्या पाण्याच्या दोन झाऱ्या फिरवाव्यात. त्याने पानांवरचे खत धुऊन मुळांशी जाते आणि करपण्याचा धोका उरत नाही.

आळवणी आणि फवारणी

वर सांगितलेली रीत आळवणीची आहे, म्हणजे अन्न मुळांना देण्याची. पाठीवरच्या पंपाने पानांवर खत देणे ही फवारणी, आणि तिचा नियम नेमका उलटा आहे. आळवणीनंतर पाणी द्यायचे असते. फवारणीनंतर मात्र चार-सहा तास पाणी द्यायचे नसते, नाहीतर पानाने काही घेण्याआधीच खत धुऊन जाते. या दोन रीतींची सरमिसळ ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक आहे. लोक आळवणीच्या प्रमाणाने भरपूर द्रावण ओततात आणि फवारणीचा नियम पाळून पाणी देत नाहीत.

१५ लिटरच्या पंपात ७५ ग्रॅम १९:१९:१९ घेतले, तर १००० चौरस फुटांवर हलकी फवारणी होते. त्यातून जेमतेम १४ ग्रॅम नत्र मिळते, त्यामुळे रंग सुधारतो, पण पोट भरत नाही. नॅनो युरियासुद्धा फवारणीचीच वस्तू आहे, तो मुळाशी ओतण्यात अर्थ नाही.

पंपाबद्दल अधिक सावध राहावे. आपल्याकडे तोच पंप कापसावर कीटकनाशकासाठी आणि सोयाबीनमध्ये तणनाशकासाठी फिरतो. सोयाबीनमध्ये वापरली जाणारी काही तणनाशके गवतवर्गीय तणच मारण्यासाठी बनवलेली असतात, आणि लॉन हे गवतच आहे. टाकीत, नळीत किंवा नोझलच्या जाळीत राहिलेला थोडासा अंश नव्या लॉनला पुरेसा आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाचेही तेच. शक्यतो लॉनसाठी वेगळा पंप किंवा सरळ झारी वापरावी. उसना पंप तर कितीही धुतलेला असला तरी घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. खत हे विष नसले, तरी पंपात आधी काय होते याची खात्री नसताना तो मुले खेळतात त्या जागी चालवणे योग्य नाही.

खत देऊनही पिवळे राहिले तर

पिवळेपणा कोणत्या पात्यांवर आहे, हे आधी पाहावे. खालची, जुनी पाती पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. नवी, वरची पाती पिवळी आणि त्यांतल्या शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता आहे आणि चुनखडीच्या जमिनीत हीच शक्यता मोठी असते. त्यावर आणखी युरिया दिल्याने बिघाड वाढतो. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत्व आणि मग ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून त्याची हलकी फवारणी करावी. हे द्रावण त्याच दिवशी संपवावे. ते तांबूस होऊ लागले की त्याचा उपयोग उरत नाही. स्फुरद असलेल्या खतात हिराकस मिसळू नये, साका तयार होतो. आणि फरशी, ओटा, पायऱ्या आधी भिजवून किंवा झाकून ठेवाव्यात, कारण हिराकसाचा गंजासारखा डाग नंतर घासूनही जात नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, वरचे माप जसेच्या तसे वापरू नये. तिथे जमिनीत आणि भूजलात क्षार आधीच असतात आणि खत हाही एक क्षारच आहे. २०० लिटरला ५०० ग्रॅम एवढेच खत घ्यावे, दहा दिवसांनी तेवढेच पुन्हा द्यावे आणि द्रावणासाठी शक्यतो बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. माती आणि पाणी एकदा तपासून घेणे तिथे अगत्याचे आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करावी.

रासायनिक खत नको असेल, तर जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेले द्रावण, चालते. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्याचा देशभर प्रसार केला. एकराला २०० लिटर हे त्याचे नेहमीचे प्रमाण लक्षात घेता १००० चौरस फुटांना ५ लिटर पुरते. ते दोनदा गाळून दसपट पाण्यातून द्यावे, अन्यथा बेसनाचा चोथा पात्यांवर राहतो आणि त्यावर मुंग्या येतात. रंग हळूहळू येतो, आणि दोन दिवस वास राहतो, म्हणून मंगल कार्यालयाच्या लॉनवर लग्नाची तारीख पाहूनच हा प्रयोग करावा.

पुढच्या मात्रा

दुसरी मात्रा तीन आठवड्यांनी, त्याच मापाने द्यावी. साधारण दोन महिन्यांत सांधे दिसेनासे झाले की २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम युरिया घेऊन तीच आळवणी करता येते. त्यातून जवळजवळ तितकेच, १८४ ग्रॅम नत्र मिळते आणि खर्च नगण्य होतो. युरिया हाताने फेकू नये. ओल्या पात्याला चिकटलेला दाणा तिथेच भोक पाडतो, आणि आपल्या विम्लधर्मी जमिनीत उन्हात उघडा राहिलेला युरिया अमोनियाच्या रूपाने उडूनही जातो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर नत्र बंद करावे आणि फेब्रुवारीत नवी पाती दिसू लागली की पुन्हा सुरू करावे.

उरलेले खत ओलावा धरते आणि त्याचा दगड होतो, म्हणून पिशवीचे तोंड घट्ट बांधून, वर नाव आणि तारीख लिहून ते उंचावर ठेवावे. रिकामी पिशवी धान्याला वापरू नये. उरलेले द्रावण कुंपणाच्या झाडांना घालावे, ड्रम तीनदा धुवावा आणि तेही पाणी तिथेच ओतावे. युरिया मिसळलेले पाणी ढोरांनी पोटभर प्यायले तर ती दगावू शकतात, आणि गावात रात्री मोकळी ढोरे व बकऱ्या फिरतच असतात. धुतलेला ड्रम पालथा घालूनच ठेवावा आणि लॉन सुकेपर्यंत फाटकाची कडी लावून घ्यावी.